माश्यांच्या दिवसांत टोचलेलं नाक

चूक माझी होती. आमच्या गोऱ्ह्याच्या नाकात अळ्या पडल्या त्या माझ्या घाईमुळे आणि माझ्या दुर्लक्षामुळे. गावाला मात्र मी सांगितलं, की तांड्यावरच्या बाबांचं दाभण गंजलेलं होतं. ते दाभण त्यांनी माझ्यासमोर विस्तवात धरलं होतं, माझ्यासमोर पुसलं होतं. गंजाचा ठिपकाही त्यावर नव्हता. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सावरून घ्यायचा मोह होणार नाही.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडे. गावाला लागून तांडा आहे. तांड्यावरच्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता तेही आमच्यासारखंच सोयाबीन आणि तूर करतात. पण बाबांच्या हातात जुनी विद्या राहिली होती. बाबा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. आजूबाजूच्या पाच-सात गावांत गोऱ्ह्याचं नाक टोचून वेसण घालायची असली की त्यांनाच बोलावणं जायचं. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. नारळ आणि टॉवेल यापलीकडे ते काही घेत नसत. शेत मुलांच्या हातात गेलेलं, घरात त्यांना विचारून काही होत नव्हतं. कुणी गोऱ्ह्यासाठी बोलवायला आलं, की ते पटका बांधून ताठ चालत निघायचे. म्हातारपणी त्यांच्याकडे आपलं म्हणावं असं तेवढंच नाव उरलं होतं. ते मी घालवलं.

मी शेतकरी आहे, आणि गावच्या टपालाचं काम बघतो. टपालघर म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली आणि तिच्यापुढचा ओटा. सकाळी टपालाची पिशवी यायच्या वेळेला तिथं माणसं जमतात. पिशवीत आपलं काही नाही हे माहीत असलेलीही जमतात. त्यामुळे आमच्या ओट्यावर बोललेला शब्द दुपारपर्यंत गावभर होतो. हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं, म्हणून माझी चूक जास्त मोठी.

घाई कशाची होती, तर पोळ्याची. आदल्या वर्षी आमच्या जोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला. त्या पोळ्याला मी वेशीत एकच बैल घेऊन उभा राहिलो. आता गावात ट्रॅक्टर झालेत, बैल राहिलेत मोजके, त्यामुळे जे आणतात त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. कुणीतरी म्हणालं, "टपालवाल्याचा बैल रंडका झाला रे!" लोक हसले, मीही हसलो. पण ते आत कुठंतरी अडकून बसलं. घरचा गोऱ्हा तेव्हा लहान होता. यंदा तो दीड वर्षाचा झाला, खांदा भरला, शिंगं बोटभर वर आली. पण वेसण नसलेलं जनावर पोळ्याला वासरातच धरतात. म्हणून श्रावण निम्मा झाला तसा मी तांड्यावर गेलो.

"बाबा, गोऱ्ह्याला वेसण घालायची हाय."

"घालू की. दिवाळी होऊ द्या, थंडी पडू द्या."

"पोळ्याच्या आधी पायजे."

"काहून? लगीन काढलं का त्याचं?"

त्यांची सून दारात दाणे पाखडत होती, ती खुदकन हसली. मी ओशाळलो, पण हटलो नाही. तेव्हा बाबांनी मला खाली बसवलं. म्हणाले, "टपालवाले, हे माश्यांचे दिवस हायेत. जिमीन सुकत न्हाई, तशी जखमबी सुकत न्हाई. ती निळी माशी टपून बसून राहिली. थंडीत टोचलं का आठ दिसांत कोरडं. आता टोचलं तर तुमी राखत बसताल का?"

"राखतो."

"शबूद?"

"शब्द."

तरी त्यांना पटलं नव्हतं. मी दोनदा, तीनदा गेलो. शेवटी ते आले ते माझ्या हट्टापुढे हात टेकून आले. त्यांनी अटी सांगितल्या. गोऱ्हा कोरड्या जागी बांधायचा. दिवसातून दोनदा हळद आणि तेल लावायचं. दहा दिवस दोरी ओढायची नाही. आणि नाकावर काही बांधायचं नाही, वारा लागू द्यायचा. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

टोचण्याचं काम बघण्यासारखं होतं. मी आणि बायकोने गोऱ्ह्याला बाभळीला आवळून धरलं. बाबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, त्याच्या कानाशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलत राहिले. मग अंगठा आणि बोट दोन्ही नाकपुड्यांत घालून मधल्या पडद्यातली मऊ जागा चाचपली. ती सापडली तसे ते बोलायचे थांबले. दाभण आरपार गेलं, मागोमाग सुताची दोरी गेली. गोऱ्ह्याने एकदा अंग टाकलं आणि तो उभा राहिला. रक्त आलं ते चार थेंब. "झालं," बाबा म्हणाले, "आता माझं काम सरलं. हितून पुढं तुमचं."

पहिले तीन दिवस मी सगळं केलं. चौथ्या दिवशी पाऊस लागला. सोयाबीनवर फवारणी अडली होती, ती उघडीप मिळेल तशी उरकायची होती. टपालाचं काम होतंच. हळद-तेल एकदाच लावायला लागलो, मग एखादा दिवस राहूनही गेला. पावसात बाभळीखाली चिखल झाला म्हणून गोऱ्हा मागच्या पडवीत आणला, तिथं शेजारीच उकिरडा. बायको म्हणाली, "अवं, तिथं माश्यांचं मोहोळ हाय. तिथं काहून बांधता?" मी म्हणालो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पोळा जवळ आला तसं त्याला दोरीवर चालायची सवय व्हावी म्हणून मी वेसण धरून त्याला अंगणात फिरवलं. खपली धरत होती ती निघाली. तो नाक झटकायला लागला. मला वाटलं, अंगात रग आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हटलं, तेव्हा गोऱ्ह्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवली, झूल घातली, आणि वेसणीवर लाल-पिवळे गोंडे बांधले. इतके दाट, की नाकपुड्या दिसेनात. गोंडे बांधताना ओलसर काहीतरी बोटाला लागलं. ते मी धोतराला पुसलं आणि गाठ मारली. हे मी पुढे कित्येक दिवस कुणाला सांगितलं नाही. वेशीत जोडी उभी केली. गोऱ्हा सारखी मान हलवत होता, शिंकत होता, आणि लोक म्हणत होते, "गडी नाचायलाय बघा!" मी खूष होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास आला. बायकोने गोंडे सोडले आणि ती मागे सरली. "अवं, इकडं या. लवकर या."

जखम रुपयाएवढी झाली होती आणि ती हलत होती. पांढऱ्या अळ्या आत डोकी खुपसून दाटीवाटीने बसल्या होत्या. पडद्याचा खालचा भाग सुजून काळा पडला होता. गोऱ्ह्याच्या नाकातून रक्त आणि पाणी गळत होतं, आणि तो माझ्याकडे बघत होता. जनावर बघतं तेव्हा त्यात तक्रार नसते, आणि तेच सहन होत नाही.

बायकोचा आवाज ऐकून शेजारी आला. तो माझा लहानपणापासूनचा सोबती, रोज ओट्यावर असणारा. त्याच्या मागून आणखी चार जण. शेजाऱ्याने नाक दाबत विचारलं, "भाऊ, असं कसं झालं?" त्या एका क्षणात मला दिसलं, की आता सगळे म्हणणार, हौसेपायी लेकराचे हाल केले. मी म्हणालो, "बाबाचं दाभण गंजलेलं होतं."

एवढंच. विचार करून रचलेलंही नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती पाणी तापवायला गेली.

सेनगावहून गुरांच्या डॉक्टर आल्या. तरुण बाई, स्कूटीवरून चिखलातून आलेल्या. त्यांनी आधी गर्दीला बाहेर काढलं. मग औषधात भिजवलेले कापसाचे बोळे जखमेत दाबून धरले. म्हणाल्या, "या अळ्या तोंड आत खुपसतात आणि मागचं टोक वर ठेवून श्वास घेतात. हवा बंद केली की वर येतात." तशा त्या आल्या. डॉक्टर चिमट्याने एकेक काढून फिनाइलच्या डब्यात टाकत होत्या. मी गोऱ्ह्याचं डोकं छातीशी धरून बसलो होतो. काम करता करता त्या सांगत होत्या, की ही माशी ताज्या जखमेच्या वासावर येते, अंडी घालून जाते, आणि दिवसभरात आत अळ्या होतात. शेळी असो, कुत्रं असो, नीट काळजी न घेतलेल्या माणसाची जखम असो, तिला सगळं सारखंच.

मग बाजूला पडलेल्या गोंड्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "हे गोंडे कोणी बांधले?"

"मी."

"टोचलं कोणी?"

"तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं."

"त्यांचा हात चांगला आहे. छिद्र बघा, अगदी नेमक्या जागी आहे. ते इतकं नीट पडलं नसतं तर आत्तापर्यंत पडदा फाटला असता. जखम ओली राहिली, तिला ओढ बसली, वरून झाकली. चूक तिथं झाली."

मी "हो मॅडम" म्हणालो. त्या बोलल्या तेव्हा तिथं मी आणि बायको, दोघंच होतो. बाहेर जाऊन तेच चार वाक्यांत सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी डॉक्टरांना रस्त्यापर्यंत सोडून आलो आणि गप्प राहिलो. तोपर्यंत गावाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, की तांड्यावरच्या बाबाकडून ढोरं टोचून घेऊ नका, टपालवाल्या भाऊंचा गोऱ्हा मरायला टेकलाय. खाली एकाने विचारलं होतं, "खरं का भाऊ?" मी उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र टाकलं. पहिलं खोटं माझ्या तोंडून निसटलं असं मी म्हणू शकेन. अंगठा मी शोधून, बोट टेकवून टाकला.

तिसऱ्या दिवशी बाबा आले. मी आतल्या खोलीत होतो, दार अर्धं लोटलेलं. ओट्यावर शेजारी बसला होता. बाबांच्या काखेत सीताफळाच्या पाल्याची मोळी होती, तो पाला वाटून लावला की अळ्या मरतात म्हणून ते पहाटेच तोडून घेऊन आले होते.

शेजारी म्हणाला, "बाबा, आता पाला कशाला? आधी दाभण घासा."

"काय म्हनलं?"

"गंजलेल्या दाभणानं टोचता आन् मग पाला आनता व्हय? सगळ्या गावाला माहीत झालं."

"कोन म्हनलं असं?"

"ज्याचा गोऱ्हा हाय त्योच म्हनला."

मी दाराआड उभा होतो. चार पावलं होती बाहेर जायला. मग बाबा म्हणाले, "पाला बारीक वाटा म्हनावं, डोळ्याला लागू देऊ नगा." मोळी ओट्यावर ठेवून ते गेले. मी खिडकीतून पाहिलं. ते आले होते त्यापेक्षा सावकाश चालत होते.

तो पाला बायकोने वाटून लावला. डॉक्टरांची सुई, मलम, पाला, कशाने म्हणा, पण आठ दिवसांत अळ्या संपल्या. गोऱ्हा कडब्याला तोंड लावायला लागला. पडद्याचा काळा भाग गळून गेला आणि खाली गुलाबी मांस दिसलं, तेव्हा मी गोठ्यातूनच बायकोला हाक मारली. जीव वाचला होता. आज तो औताला चालतो. तो सुटका झाल्याचा आनंद खराच होता, पण तो पुरा घेता येईना. बायको एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्याच्या नाकातल्या निघाल्या. तुमच्या पोटातल्या कवा निघायच्या?"

दिवाळी झाली, थंडी पडली. नाक टोचायचे खरे दिवस आले. बाबांना कुणी बोलावलं नाही. गावातल्या दोघांनी आपले गोऱ्हे दुसऱ्या गावच्या माणसाकडे नेले. त्याने फार खाली टोचलं, एकाची वेसण पंधरा दिवसांत नाक फाडून निघाली. तांड्याकडून येणारे लोक सांगायचे, की बाबा आता पटका बांधत नाहीत, दिवसभर भिंतीला टेकून बसतात. मग एके दिवशी शेजारीच म्हणाला, त्याच्या गोऱ्ह्याला घेऊन तो दूरच्या गावी जाणार आहे. "बाबा जवळ व्हता, पन तुमच्या गोऱ्ह्याचं बघितलं ना, भाऊ." मी म्हणालो, "चार दिवस थांब." "काहून?" "थांब म्हणलं ना."

त्याच दुपारी मी तांड्यावर गेलो. बाबा उन्हात बसले होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. घाई, उकिरडा, दोरी ओढली ते, गोंडे, डॉक्टर काय म्हणाल्या ते, अंगठ्याचं चित्र. ते ऐकत राहिले. मी हात जोडायला गेलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"हितं न्हाई."

"मग?"

"मला काय सांगता? मला माहीत न्हाई का माझं दाभण? जिथं म्हनले तिथं म्हना. मी येतो उद्या. मला आयकायचंय."

सकाळी पिशवी यायच्या वेळेला ते आले, आणि पटका बांधून आले. ओट्याच्या टोकाला बसले. दहा-बारा माणसं होती, शेजारी होता, बायको दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं, तोंडातून शब्द फुटणार नाही. पण पहिलं वाक्य गेलं, "दाभण गंजलेलं नव्हतं", आणि पुढचं आपोआप येत गेलं. चार महिने छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी एकेक धोंडा करून उचलत होतं. गोंडे बांधताना बोटाला ओल लागली होती, तेसुद्धा मी सांगितलं.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी टपालवाल्यानंच खोटं टपाल वाटलं म्हना की!" एकदम हशा झाला. मीही हसलो, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं ते लपवलं नाही. शेजारी कपाळावर हात मारून घेत होता. "आन् मी बाबाला दाभण घासा म्हनलो! भाऊ, लाज घालवली राव तुमी आमची." मग तो बाबांकडे वळला. "बाबा, आमचा गोऱ्हा आनू का? आजच आनतो."

"आन," बाबा म्हणाले. "पन जरा दम खा. ह्यांचं अजून सरलं न्हाई."

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, पण सोडतही नव्हते. झालं ते मी सांगितलं होतं, मागायचं ते मागितलं नव्हतं. मी ओट्यावरून खाली उतरलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडले.

"बाबा, तुमी नको म्हणत होता, मी ऐकलं न्हाई. राखतो म्हणून शब्द दिला, राखलं न्हाई. अळ्या माझ्यामुळं पडल्या आन् नाव तुमचं घेतलं. तुमी पाला घेऊन आला तवा मी दाराआड होतो. सगळं ऐकलं आन् भायेर आलो न्हाई. माझं चुकलं. मला माफ करा."